पडणे परवडले पाहिजे

“विमान उडवून समाजाचे काय भले होणार?” हा प्रश्न आम्हाला वर्षभरात बऱ्याच जणांनी विचारला. विचारणारे परके नव्हते. चळवळीत केस पांढरे झालेली माणसे होती आणि त्यांचा सूर तळमळीचा होता. पोरांना स्पर्धा परीक्षेची पुस्तके पुरत नाहीत, शिष्यवृत्ती वेळेवर खात्यात येत नाही, वसतिगृहाची यादी लांबते, आणि तुम्ही रिमोटच्या विमानावर आठ-नऊ हजार घालता? प्रश्न रास्त आहे. रास्त प्रश्न टोलवून चालत नाही, त्याचे उत्तर हिशेबासकट द्यावे लागते. म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ज्याला हा समाज ‘गुणवत्ता’ म्हणतो, तिचा मोठा भाग म्हणजे माणसाला किती वेळा पडणे परवडले याचा हिशेब असतो. हे आम्ही वाचले होते, भाषणांत ऐकले होते, स्वतःही बोललो होतो. पण बोटांना ते कळले इलेक्ट्रिक ट्रेनर विमान उडवायला शिकताना.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगतो. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात विहारामागच्या खोलीत आमची अभ्यासिका चालते. आम्ही नऊ जण. दोघे आयटीआय झालेले, एक मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणारा, तिघे एमपीएससी आणि पोलीस भरतीच्या तयारीतले, दोघी बीएस्सीला, आणि एक ताई. ताईने नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीच्या हवाई शाखेत विमानांची मॉडेल बनवली होती. त्या शाखेत एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग असतो. आमच्या बाकी कोणाच्या कॉलेजात ती शाखाच नव्हती.

विमान जवळून बघावे म्हणून आम्ही एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गेलो होतो. तिथे ते काचेच्या कपाटात होते. कपाटाला कुलूप, किल्ली सरांकडे, सर रजेवर. “लांबून बघा, हात लावू नका,” एवढे ऐकून आम्ही परतलो. हे वाक्य आपल्या लोकांनी किती पिढ्या ऐकले, ते या लेखाच्या वाचकांना सांगायला नको. परतीच्या एसटीत ताई म्हणाली, “आपण आपले बनवू. तुटले तर कोणाला जाब द्यावा लागणार नाही.”

सामान आणि हिशेब

जयंतीच्या फलकांना सनपॅकची शीट वापरतात. तीन मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक, दोन थरांच्या मध्ये पोकळ नळ्या. वजनाला हलके, पाण्याला न भिणारे, कटरने कापले जाणारे. जयंती झाली की असे फलक गच्चीवर पडून राहतात. महापुरुषांच्या प्रतिमा असलेले फलक आम्ही नीट बाजूला ठेवले आणि शुभेच्छुकांच्या नावांचे तेवढे घेतले. त्यामुळे आमच्या विमानाच्या डाव्या पंखावर एका माजी नगरसेवकाचे अर्धे नाव उलटे छापलेले आहे आणि विमान वळले की ते अर्ध्या शिवाराला दिसते.

पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२० सेंटिमीटर, रुंदी २० सेंटिमीटर, आत बांबूची पट्टी. हे सगळे फुकटात झाले. विकत घेतले ते असे: रिमोट आणि त्याचा रिसीव्हर ४,८०० रुपये, मोटर ५००, मोटरला लागेल तेवढीच वीज देणारा ईएससी ५००, शेपटीचे पडदे हलवणाऱ्या छोट्या सर्वो मोटरी एक जादा धरून तीन मिळून ३००, लिपो बॅटरी १,७००, चार्जर ६००, चार प्रोपेलर २००, ग्लू स्टिक, टेप आणि तारा २००. एकूण ८,८०० रुपये. नऊ जणांत माणशी हजाराच्या आत, तेही चार महिन्यांत थोडे थोडे करून. अभ्यासिकेच्या पुस्तकांच्या पैशाला हात लावलेला नाही. तयार विमान किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले तर ९४० ग्रॅम भरले.

ट्रेनर विमान म्हणजे काय

बाजारात लढाऊ विमानांसारखी दिसणारी मॉडेल मिळतात. नवशिक्याचे मन त्यांच्यावरच जाते. पण ती वेगाने जातात आणि कलली की कललेलीच राहतात, सरळ करणारा हात तयार असावा लागतो. ट्रेनरची ठेवण वेगळी असते. त्याचा पंख धडाच्या वर बसवलेला असतो आणि दोन्ही टोकांकडे किंचित वर उचललेला असतो, समोरून पाहिले तर पसरट ‘व्ही’ अक्षरासारखा. विमान एका बाजूला कलले की त्या बाजूला घसरू लागते. घसरताना खाली गेलेल्या पंखाला हवा जास्त कोनातून भेटते, त्या पंखाची उचल वाढते आणि विमान आपसूक सरळ होते. रिमोटवरचा हात सोडला तरी होते. खरे तर हात सोडला म्हणूनच होते, कारण घाबरलेला हात बहुतेक वेळा ज्यादाच ओढतो.

आमच्या विमानाला तीनच गोष्टी चालवायच्या असतात. थ्रॉटल म्हणजे मोटरचा जोर, एलेव्हेटर म्हणजे शेपटीचा आडवा पडदा जो नाक वरखाली करतो, आणि रडर म्हणजे उभा पडदा जो डावीउजवीकडे वळवतो. शिकायला एवढे पुरते.

आता यातली मुख्य गोष्ट बघा. ट्रेनरची रचना करणाऱ्याने एक बाब आधीच मान्य केलेली आहे, की शिकणारा चुकणार. चुकला तर यंत्राने त्याला सावरायला वेळ द्यावा, अशी सोय त्याने पंखाच्या कोनातच करून ठेवली आहे. शिकणाऱ्याला लाजवून शिकवता येत नाही, हे ज्याला कळले त्यानेच असे विमान बनवले असणार.

आपल्या कॉलेजांची ठेवण अशी आहे का? घरातला पहिलाच पोरगा अभियांत्रिकीला जातो. भाषा नवी, शहर नवे, मेसचे पैसे उशिरा येणारे. पहिल्या सत्रात दोन विषय राहतात. दोन विषय तर त्याच्या बाजूच्या खोलीतल्या मुलाचेही राहतात. पण त्या मुलाचे राहिले तर ‘अभ्यासात लक्ष नव्हते’, आणि आपल्याचे राहिले तर ‘कोट्यातून आला ना’. पडणे एकच, पण एकाचे पडणे त्या दिवसापुरते मोजले जाते आणि दुसऱ्याचे त्याच्या जन्माच्या नावावर लिहिले जाते.

जमिनीवरचे धडे

विमान हवेत जाण्याआधी जमिनीवरच बरेच काही ठरते. पहिली गोष्ट तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंनी एकेक बोट लावून विमान उचलायचे. ते आडवे राहिले पाहिजे किंवा नाक जरासे खाली झुकले पाहिजे. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवायची. नाक जड असलेले विमान सुस्त उडते, पण उडते. शेपूट जड असलेले विमान नाक वर काढत वेग गमावते आणि मग रिमोटवर काहीही केले तरी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट सिम्युलेटर. रिमोट केबलने अभ्यासिकेच्या जुन्या संगणकाला जोडला की पडद्यावर तसेच विमान उडवता येते. अभ्यास संपल्यावर रोज प्रत्येकी पंधरा मिनिटे, असे दोन आठवडे चालले. पडद्यावर विमान आपटायला पैसे पडत नाहीत. पहिल्या संध्याकाळी पडद्यावर इतकी विमाने आपटली की कोणी मोजली नाहीत, आणि खोलीत हशा सोडून दुसरा आवाज नव्हता. ज्या खोलीत सराव परीक्षेचे गुण लागले की पोरे एकमेकांकडे बघत नाहीत, त्याच खोलीत हे घडत होते.

शिवारातले धडे

नोव्हेंबरात सोयाबीन निघाले की शेते मोकळी होतात. एका शेतकरी काकांना विचारले. ते म्हणाले, “उडवा ना बापा, पण माह्या बैलायच्या डोक्यावर नका आणू.” पोलीस ठाण्यात लेखी कळवून ठेवले. आपल्या वस्तीतली आठ-दहा पोरे पहाटे शिवारात काहीतरी उडवताना दिसली तर संशय आधी येतो आणि चौकशी मागाहून होते, हे वास्तव आहे. कागद खिशात असलेला बरा. सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ चांगली, तेव्हा वारा पडलेला असतो. विमान हाताने सोडायचे, तेही वाऱ्याच्या तोंडावर. पंखाला हवा मिळते ती विमानाच्या वेगाची आणि वाऱ्याची मिळून, म्हणून समोरचा वारा उचलायला मदत करतो. पाठीमागचा वारा फसवतो.

वर गेल्यावर सगळ्यांची पहिली गडबड डाव्या-उजव्याची होते. विमान आपल्यापासून लांब जात असते तोवर रिमोटची उजवी ती त्याची उजवी. ते वळून आपल्याकडे येऊ लागले की सगळे उलटे दिसते.

“ताई, उजवीकडे दिले तर डावीकडे चालले!”

“ते त्याच्या उजवीकडेच चालले आहे. तू इथे उभा राहून नको बघू, त्याच्यात बसून बघ.”

यावर एक साधी युक्ती आहे. विमान समोरून येत असताना त्याचा जो पंख आपल्याला खाली गेलेला दिसतो, त्या बाजूला दांडी द्यायची. जणू खाली जाणाऱ्या पंखाला आपण टेकू देतोय. बीएस्सीच्या एकीने दुसरी युक्ती काढली: आपण विमानाच्या दिशेने पाठमोरे वळायचे आणि खांद्यावरून मागे बघायचे. दोन्ही चालतात. काही दिवसांनी कोणतीच लागत नाही.

त्यानंतरचा धडा सगळ्यात मोलाचा. त्याला वैमानिकांच्या भाषेत स्टॉल म्हणतात. विमान खाली येताना दिसले की माणसाचा हात आपोआप नाक वर ओढतो. नाक वर गेले की वेग कमी होतो. एका मर्यादेपलीकडे पंखावरची हवा पंखाला धरून वाहत नाही, सुटते. उचल संपते आणि विमान दगडासारखे पडू लागते. आणखी घाबरून आणखी ओढले तर आणखी वाईट होते. उपाय मनाविरुद्धचा आहे: ओढणे सोडायचे, नाक खाली जाऊ द्यायचे, थ्रॉटल द्यायचे, वेग आला की हळूच सरळ करायचे.

पण या उपायाला खाली जागा लागते. विमान तीस मीटरवर असेल तर स्टॉल झालेले विमान सावरते, उडवणारा हसतो आणि पुढची फेरी घेतो. तोच स्टॉल, त्याच हाताने, तीन मीटरवर झाला तर विमान मातीत. म्हणून ताईचा पहिला हुकूम कायम एकच असे, “आधी उंची घे.” नवशिक्याला वाटते खाली उडवले तर सुरक्षित. उलट आहे. उंची म्हणजे वेळ, आणि वेळ म्हणजे सावरायची संधी.

मित्रांनो, गुणवत्तेच्या चर्चेत आपण हेच सांगत आलो आहोत. ज्याच्या बापाचे पुण्यात घर आहे, त्याचा मुलगा एक वर्ष ‘ड्रॉप’ घेतो, दुसरे घेतो, तिसऱ्या प्रयत्नात निघतो आणि वर्तमानपत्रात त्याच्या जिद्दीची कहाणी छापून येते. ज्याची आई रोजाने निंदायला जाते, त्याच्या पोराला एकच प्रयत्न असतो. तो नापास झाला की सोमवारी एमआयडीसीत कामाला. बुद्धी कोणाची किती, हे या दोघांच्या निकालावरून कसे ठरवायचे? एक तीस मीटरवर चुकला, दुसरा तीन मीटरवर. आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह म्हणजे आपल्या पोरांना मिळालेली थोडी उंची आहे. ती कोणी भीक म्हणत असेल तर त्याने आपल्या खाली किती हवा आहे ते एकदा मोजून बघावे.

पडझडीची वही

पहिल्या दोन महिन्यांत विमान १७ वेळा पडले. आम्ही त्याची वही ठेवली आहे. तारीख, वारा, अंदाजे उंची, काय घडले, काय तुटले, दुरुस्तीला किती पैसे आणि किती वेळ. ‘कोणी पाडले’ हा रकाना ताईने ठेवू दिला नाही. ती म्हणाली, नाव लिहायला लागलो की माणसे रिमोट हातात घेणे सोडतात. १७ पडझडींचा मिळून खर्च ६४० रुपये आला. सर्वांत मोठ्या दुरुस्तीला दोन संध्याकाळी लागल्या. बाकी बहुतेक वेळा एक ग्लू स्टिक, थोडी टेप आणि फार तर एक प्रोपेलर.

आमच्यातला पोलीस भरतीवाला मित्र तीन रविवार नुसता उभा राहिला. रिमोट पुढे केला की म्हणायचा, “तुम्ही उडवा, मी बघतो.” चौथ्या रविवारी खरे कारण निघाले. तो आठवड्यातून चार दिवस धान्य बाजारात हमाली करतो. “तुटले तर माझ्याच्याने भरून नाही होणार,” तो म्हणाला. वही त्याच्या हातात दिली. त्याने उभ्या उभ्या सगळी पाने वाचली आणि मग रिमोट घेतला. त्या सकाळी वारा अचानक उठला आणि विमान वाहत जाऊन शेजारच्या तुरीत घुसले. तो जागचा हलला नाही, चेहरा उतरला. मोबाइल दुरुस्तीवाल्याने तुरीतून विमान काढून आणले, पंख वाकवून बघितला आणि म्हणाला, “दहा मिनिटांचं काम आहे भाऊ. बॅटरी आहे का अजून?” बॅटरी होती. त्याच सकाळी तो पुन्हा उडवायला उभा राहिला. आज नव्याने येणाऱ्यांना पहिला हात तोच देतो.

हे आम्ही कौतुकासाठी सांगत नाही. विचार करा, विमान वीस हजारांचे, दुसऱ्याचे आणि काचेच्या कपाटातले असते तर हा पोरगा चौथ्या रविवारनंतर आलाच नसता. आणि बघणाऱ्यांनी म्हटले असते, ‘त्याला आवडच नव्हती.’ आपल्या किती पोरापोरींची ‘आवड नव्हती’ असे लिहून टाकले गेले आहे!

जे पडायला तयार होते, तेच उडाले

राइट बंधू सायकलींचे दुकान चालवत. दोघांपैकी कोणाकडे कॉलेजची पदवी नव्हती. १९०१ मध्ये त्यांच्या ग्लायडरने हिशेबाइतकी उचल दिली नाही, तेव्हा त्यांनी दुकानातच लाकडी पेटीचा हवेचा बोगदा बनवला आणि पंखांचे सुमारे २०० छोटे नमुने तपासले. १९०२ मध्ये नव्या ग्लायडरवरून शेकडो उड्डाणे केली. सरावासाठी त्यांनी किटी हॉकचा किनारा निवडला, कारण तिथे जोराचा वारा होता आणि खाली मऊ वाळू होती. वाळू कशासाठी, ते वाचकांच्या लक्षात आले असेलच. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे पहिले इंजिनाचे उड्डाण १२ सेकंद टिकले, १२० फूट गेले. त्याच दिवशीचे चौथे ५९ सेकंद आणि ८५२ फूट. थोड्याच वेळाने वाऱ्याच्या झोताने ते विमान उलटेपालटे होऊन मोडले. त्यांच्या आधी जर्मनीत ओटो लिलियेंथालने दोन हजारांच्या आसपास ग्लायडर उड्डाणे केली आणि १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात पडून तो मेला. त्याची आकडेमोड राइट बंधूंनी वापरली, तपासली, जिथे जुळेना तिथे बदलली. ज्ञान असे वाढते. राइट बंधूंना दुकानाचे उत्पन्न होते, ते पडू शकत होते, हेही विसरू नये.

आता आपल्याकडचे बघा. ‘वैमानिक शास्त्र’ नावाचा ग्रंथ पुढे करून प्राचीन काळी आपल्याकडे विमाने होती असे सांगितले जाते. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये हा ग्रंथ तपासला. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमाने उडणे शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. आमचे म्हणणे सोपे आहे. त्या ग्रंथातले एखादे विमान सनपॅकचे बनवा, दोन बोटांवर तोला, आमच्या काकांच्या शेतात आणा. वारा पोथी वाचत नाही आणि गोत्र विचारत नाही. ज्या ज्ञानाला पडायची तयारी नाही, त्याला उडायचा दावा करता येत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले की जात ही कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून वरखाली लावते. त्याचा एक परिणाम असा झाला, की या देशात ज्याच्या हातात अवजार त्याच्याकडे शास्त्र नाही आणि ज्याच्याकडे शास्त्र त्याच्या हाताला अवजाराचा विटाळ. आमच्या खोलीत त्या चार महिन्यांत आयटीआयवाला डाग देऊन तारा जोडत होता आणि बीएस्सीवाली त्याच शीटवर पंखाच्या उचलीचे गणित मांडत होती. पुढे गणित त्याला येऊ लागले आणि डाग देणे तिला. विमानाने आम्हाला दुसरे काही दिले नसते तरी एवढे पुरेसे होते.

आक्षेपांना उत्तर

वेळ वाया जातो? आठवड्यातून दीड तास, रविवारी सकाळी. सिम्युलेटरचा सराव अभ्यासानंतर. नोकरी मिळेल का? ड्रोन चालवण्याचे परवाने, प्रशिक्षण संस्था हा वेगळा विषय आहे. आम्ही कोणाला नोकरीचे आमिष दाखवत नाही. पैसा? हिशेब वर दिला आहे, प्रत्येकाने तपासावा. आणि मौज हा आक्षेप असेल, तर आपल्या पोरांनी रविवारी सकाळी मौज केली याचा कोणाला त्रास व्हावा, हे आम्हाला समजत नाही. ज्यांच्या पूर्वजांना मोकळा वेळच मिळू दिला नाही, त्यांनी तो मिळवणे हीसुद्धा कमाईच आहे.

सुरू करणाऱ्यांसाठी

प्रोपेलर बोट कापू शकतो. म्हणून आधी रिमोट सुरू करायचा, थ्रॉटल पूर्ण खाली आहे हे बघायचे आणि मगच विमानाची बॅटरी जोडायची. उतरल्यावर बॅटरी आधी काढायची. मग रिमोट बंद. दर वेळी सोडण्यापूर्वी पडदे बरोबर बाजूला हलतात का आणि लांबून रिमोट लागतो का, हे तपासायचे.

लिपो बॅटरी हे हूड प्रकरण आहे. आमच्या बॅटरीत तीन सेल आहेत. प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो, ३.५ च्या खाली नेऊ नये. म्हणून रिमोटवर सहा मिनिटांचा गजर लावतो आणि तो वाजला की उतरवतो. चार्जिंग फरशीवर, माणूस समोर बसलेला असताना. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, ती आग पकडू शकते.

उतरवताना वाऱ्याच्या तोंडावर यायचे, थ्रॉटल हळूहळू कमी करायचे, पंख आडवे ठेवायचे आणि विमानाला स्वतःहून खाली येऊ द्यायचे. माणसे, गुरे, विजेच्या तारा आणि रस्ता यांपासून लांब उडवायचे आणि नजरेबाहेर जाऊ द्यायचे नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार दोन किलोपर्यंतच्या यंत्राला, व्यावसायिक वापर नसेल तर, वैमानिक परवाना लागत नाही. पण विमानतळाजवळची आणि इतर प्रतिबंधित क्षेत्रे नकाशात दिलेली असतात आणि नियम बदलत राहतात, म्हणून सुरुवातीला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ताजे नियम वाचावेत आणि स्थानिक पोलिसांना कळवावे.

येत्या हिवाळ्यात सोयाबीन निघाले की आमच्या नऊ जणांपैकी दोघे-दोघे आसपासच्या तालुक्यांतल्या अभ्यासिकांत जाणार आहेत. कापायचे कागदी नमुने आम्ही देऊ, रिमोट पहिल्या महिन्यापुरता आमचाच वापरा. शीट तुमच्या गच्चीवर पडलेलीच असेल. अट एकच आहे. पहिल्यांदा विमान पडल्यावर जो उडवणाऱ्यावर ओरडेल, त्याला पुढच्या रविवारी ग्लू गन धरून बसावे लागेल.